अकरा तारखा

भूपालअण्णांनी रजिस्टर फेकून मारलं ते थेट माझ्या कपाळावर बसलं. रजिस्टर साधंसुधं नव्हतं. कारखान्याच्या ऊसनोंदीचं, जाड पुठ्ठ्याचं, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेलं, दोन्ही हातांनी उचलावं लागे असं. चष्मा तुटला, डाव्या भुवईवर खोक पडली आणि रक्त डोळ्यात उतरलं. मी रडले नाही. टेबलावरचं दगडी पेपरवेट उचललं आणि त्यांच्यावर भिरकावलं. ते अण्णांच्या कानाजवळून जाऊन मागच्या कपाटाच्या काचेत घुसलं.

रेकॉर्डरूममधले दोन कारकून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. एक चोवीस वर्षांची पोरगी आणि एक सत्तावन्न वर्षांचा हेडक्लार्क एकमेकांच्या जिवावर उठलेत, यात पडायचं कुणी?

"त्या तारखा पुसायच्या न्हाईत," अण्णा म्हणाले. त्यांची छाती धपापत होती. "बाकीच्या चार हजार तुज्या. या अकरा ऱ्हाऊ देत."

त्या दिवसापर्यंत ते मला 'आवटीबाई' म्हणत, 'तुमी' म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू'वर आले.

"कारण सांगा," मी रुमाल कपाळावर दाबत म्हटलं.

अण्णांनी त्या दोन कारकुनांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कारण न्हाई."

"मग पुसणार."

"पूस मग," ते म्हणाले आणि खाली पडलेलं रजिस्टर उचलून, त्याच्यावरचं माझं रक्त धोतराच्या सोग्यानं टिपून, पुन्हा फळीवर ठेवायला लागले.

ही शहाण्णव सालची गोष्ट. दसऱ्याच्या आधीची. सांगलीत कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन मी त्या साखर कारखान्यात नोकरीला लागले, तेव्हा तिथं कॉम्प्युटर होता. पण त्याच्यावर पिवळा टॉवेल घालून उदबत्ती लावून ठेवलेला होता. कार्यकारी संचालक जगतापसाहेबांना तो चालू करून हवा होता. चौदा गावांतल्या चार हजार शेतकऱ्यांच्या ऊसनोंदी त्यात भरायच्या, आणि त्यावरून कुणाचा ऊस कधी तोडायचा ती तोडपाळी मशीननं लावायची. उसाची लागण ज्याची आधी, तोड त्याची आधी. साधा नियम. तोपर्यंत ही पाळी भूपाल चौगुले ऊर्फ अण्णा हातानं लावत होते, एकतीस वर्षं.

मी कारकुनांचा वर्ग घेतला होता. जेवणाच्या हॉलमध्ये फळा टांगून, हातात छडी घेऊन. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. फळ्यावर चौकोन आखून म्हणाले, "हा तक्ता. एका शेताची एक ओळ. एका ओळीत ठरलेले रकाने: नाव, गाव, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख. एक गोष्ट एकाच जागी लिहायची. दोन जागी लिहिली आणि जुळली नाही, तर त्यातली एक खोटी. आपला धंदा माणसाच्या आठवणीवर चालता कामा नये. माणूस मरतो, बदलतो, पैसे खातो. तक्ता खात नाही."

मागच्या बाकावरून अण्णांनी हात वर केला. "आनि एकांदी गोष्ट रकान्यात बसत नसंल तर?"

"मग ती धंद्याच्या कामाची नाही, अण्णा."

सगळे हसले. अण्णाही हसले. कानामागून आली आणि तिखट झाली ती मीच, पण त्यांनी तसं कधी दाखवलं नव्हतं. उलट घरून माझ्यासाठी भडंग आणत.

तर नोंदी भरताना मी एक शहाणपणा केला. ओव्हरसिअर लोक शेतावर जाऊन लागण बघतात, तेव्हा खिशातल्या डायरीत तारीख टिपतात. ऑफिसच्या रजिस्टरात नंतर ती उतरवली जाते. मी सात वर्षांच्या डायऱ्या गोळा केल्या आणि रजिस्टराशी ताडून बघितल्या. चार हजारांत अकरा शेतं अशी निघाली, की ज्यांची तारीख दरवर्षी जुळत नव्हती. दहा-बारा दिवस, कधी वीस दिवस; बहुतेक मागं ढकललेली, एखादी पुढं ओढलेली. अकराही ठिकाणी अक्षर एकाच माणसाचं.

माझ्या अंगात आलं. चोर सापडला. तोही हाताची घडी घालून माझ्या वर्गात बसलेला.

जगतापसाहेबांच्या केबिनमध्ये अण्णांना बोलावलं तेव्हा मी कपाळाला पट्टी बांधून मुद्दाम समोरच बसले होते. बाजूला दोन संचालक होते. साहेबांनी कागद पुढं सरकवला.

"चौगुले, हे अक्षर तुमचं?"

"माजंच."

"तारखा बदलल्यात?"

"बदलल्यात."

"कशासाठी? कुणाकडून काय घेतलं?"

अण्णा खाली मान घालून उभे होते. टोपी हातात. मला वाटलं, आता रडतील, पाया पडतील. त्यांनी एकदा त्या दोन संचालकांकडं बघितलं आणि म्हणाले, "घेतलं आसं लिवा."

"काय घेतलं?"

"जे लिवायचं आसंल ते लिवा, सायेब."

एकतीस वर्षांची नोकरी आणि निलंबन झालं पाच मिनिटांत. दारातून बाहेर पडताना ते माझ्याजवळ थांबले. मला वाटलं पुन्हा मारतात की काय. ते हळूच म्हणाले, "निदान यादी फलकावर लावू नगंस, बाई."

मी लावली. नुसती लावली नाही. पूर्वी कधी कुणी लावली नव्हती म्हणून हौसेनं लावली. चौदा गावांत, प्रत्येक गटऑफिसच्या फलकावर. शेतकऱ्याला कळायला नको का, आपला नंबर कितवा? आणि त्या अकरा शेतांपुढं दोन रकाने जास्त छापले: 'मागील सात वर्षांची चुकीची तारीख' आणि 'खरी तारीख'. शिवाय साहेबांच्या सहीचं परिपत्रकही काढून घेतलं की यापुढं तोडणीची हाती लिहिलेली चिठ्ठी चालणार नाही. फक्त कॉम्प्युटरची, नंबर पडलेली. सगळी भोकं बुजवून टाकली.

हंगाम सुरू झाल्यावर नवव्या दिवशी, सकाळी साडेनऊला, अण्णा ऑफिसच्या दारात आले. घामानं भिजलेले. बाहेर त्यांची एम-एटी चालूच होती.

"आज शेवाळ्यांची तोड लागलीया," ते म्हणाले. "ओढ्याकडल्या किसनाची. हिंदुरावाच्या आदी."

मी यादी बघितली. "बरोबर आहे. किसन शेवाळ्यांची लागण चौदा दिवस आधीची आहे."

"चल माज्यासंगं."

"अण्णा, तुम्ही निलंबित आहात. तुम्हाला आत यायची..."

त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दोन दिवसांनीही वळ दिसत होते. "बाई, आज तिथं मानूस मरंल. तुज्या मशीननं चिठ्ठी काढलीया, तुजंच ऐकतील. चल म्हनतो न्हवं!"

का गेले? त्यांचा चेहरा बघून गेले. त्यात राग नव्हता.

गाडीवर, वाऱ्यात ओरडून ओरडून त्यांनी सांगितलं. हिंदुराव आणि किसन हे चुलतभाऊ. हिंदुरावाचं रान रस्त्याला लागून, किसनाचं त्याच्या मागं, ओढ्याकडं. किसनाच्या उसाला बाहेर निघायला दुसरी वाटच नाही. ट्रॉली हिंदुरावाच्या रानातूनच येणार. म्हणून जुनी रीत अशी, की हिंदुरावाचं आधी तोडायचं, रान मोकळं झालं की मग किसनाचा ट्रॅक्टर त्यावरून जाणार. पण एका वर्षी लागण उलटी झाली. किसनाचा भाऊ मारुती तेव्हा ते रान कसायचा, त्याची तारीख आधीची. नियमानं त्याची पाळी पहिली लागली. त्यानं उभ्या उसातून ट्रॅक्टर घातला.

"आनि?" मी ओरडले.

"हिंदुरावानं तिथंच तोडला. पाच वार. सरीत पडला हुता. साक्षीला कोन आलं न्हाई, सुटला." अण्णांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, गाडी डगमगली. "अठ्ठ्याऐंशी साल. ती चिठ्ठी माज्या हातची हुती, बाई. तारीख बघून काढलेली. एकदम बरोबर."

मी गाडीची कडी घट्ट धरली.

"त्या दिवसापासनं म्या किसनाची नोंद मागं ढकलतो. दरसाल. त्यो इचारायचा, अण्णा, माजंच का उशिरा? म्या म्हनायचो, ओव्हरसिअर येरवाळी आला न्हाई बघ तुज्याकडं. ऑफिसचा गलथानपणा. मला शिव्या घालायचा आनि गप बसायचा."

"मग हे साहेबांना का नाही सांगितलं? मला का नाही सांगितलं?"

"सायबाच्या केबिनमदी किसनाचा मावसभाऊ बसला हुता, संचालक म्हनून. तिथं तोंड उघडू? आनि तुला सांगितलं आसतं, तर तू त्याचाबी एक रकाना केला आसतास."

 

पोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते. ऊन चढलं होतं. ओढ्याकडचा उसाचा फड अर्धा तोडून झाला होता. बीडकडची ऊसतोड टोळी पहाटेपासून कोयते चालवत होती. एक ट्रॉली गच्च भरून, ट्रॅक्टरला जोडून, हिंदुरावाच्या उभ्या उसाच्या तोंडाशी उभी होती. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किसन बसला होता. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा. हातात माझी यादी. भोकं पाडलेल्या कडांसकट फलकावरून फाडून आणलेली.

आणि उसाच्या कडेला, पाचटात, हिंदुराव उभा होता. बाजूला त्याची दोन दांडगी पोरं. एकाच्या हातात कुऱ्हाड.

"किसना, खाली उतर," अण्णा म्हणाले. "आठ दिस थांब. तुजा ऊस काय पळून चाललाय?"

"सात वरसं थांबलो की, अण्णा." किसनानं यादी उंच धरली. त्याचा आवाज शांत होता, त्याचीच भीती वाटत होती. "माज्या भावाला मारनाऱ्याला सात वरसं पुडं काढलंसा. आनि मला म्हनालासा ओव्हरसिअर येरवाळी आला न्हाई. सात वरसं तुमच्या पाया पडलो मी, दिवाळीला. ही बाई आली म्हनून कळलं. बाई, तुमचे उपकार हैत बगा."

मी टोळीच्या मुकादमाकडं धावले. "ही तोड रद्द. ट्रॅक्टर हलवायचा नाही. मी लिहून देते." खिशातून पेन काढून, त्याच्याच चिठ्ठीमागं लिहायला लागले.

मुकादमानं हात जोडले. "मॅडम, हातची चिठ्ठी आम्हाला चालत न्हाई. सर्क्युलर हाय तुमचं. नंबराची असंल तर द्या."

"अहो, ते सर्क्युलर मीच काढलंय!"

"मंग तर झालंच की."

माझ्याच हातानं बुजवलेलं भोक. मी तिथं वेड्यासारखी कागद फडफडवत उभी राहिले. ड्रायव्हर खाली उतरायला लागला होता, तर किसनानं त्याला ढकलून दिलं आणि स्वतः सीटवर बसला. ट्रॅक्टरनं धूर सोडला.

उभा ऊस चाकाखाली मोडतो त्याचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. पहिली सरी आडवी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या सरीत हिंदुराव मडगार्डवर चढला आणि त्यानं किसनाला केसांना धरून खाली ओढलं. ट्रॅक्टर तसाच थोडा पुढं जाऊन सरीत रुतला, बंद पडला. दोघं चिखलात पडले. किसनानं कमरेचा कोयता काढला आणि हिंदुरावाच्या खांद्यात घातला. हाडात रुतलेला कोयता त्याला परत निघेना. तो पाय रोवून उपसत होता, आणि हिंदुराव गुरासारखा ओरडत होता. तेवढ्यात थोरल्या पोरानं मागून कुऱ्हाड घातली. किसनाच्या डोक्यात. एकच. किसन खाली बसला, जसं कुणी दमून बसावं तसा, आणि मग कलंडला. त्याच्या हातात यादीचा तुकडा होता.

टोळी पळाली. बायका पोरं उचलून ओढ्याकडं धावल्या. मुकादम कुठं गेला कळलंच नाही.

पोराचं समाधान झालं नव्हतं. तो मेलेल्या माणसावर दुसरा घाव घालायला गेला, आणि अण्णा मधे पडले. त्यांनी त्याच्या कमरेला मिठी मारली. "बास, लेकरा, बास. मेला त्यो. मेला." पोरानं त्यांना झटकलं. धाकट्यानं टोळीतल्या कुणाचा तरी पडलेला कोयता उचलून अण्णांच्या मांडीत घातला, अगदी वर, जांघेजवळ. मला आधी कळलंच नाही. मला फक्त अण्णांचं धोतर लाल होताना दिसलं, कुणी कळशी ओतावी इतक्या वेगानं.

ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सशी टॉमी, हातभर लांब लोखंडी पहार, पडली होती. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि धाकट्याच्या मनगटावर घातली. हाड मोडलेलं मला हातात कळलं. तो किंचाळला. मी पुन्हा घातली, कोपरावर. मग पाठीवर. मला बरं वाटत होतं. हे मी आजही लपवत नाही. त्या क्षणी तो मेला असता तरी मी थांबले नसते. थोरलाच त्याला ओढत घेऊन गेला म्हणून तो वाचला.

मी ओढणी अण्णांच्या मांडीला आवळून बांधली. रक्त थांबेना, पण कमी झालं. रस्त्यावर वडापची, शिटा भरून नेणारी, एक ट्रॅक्स जीप उभी होती, आतली माणसं खाली उतरून मजा बघत होती. मी त्यातल्या एकाच्या थोबाडीत मारली तेव्हा कुठं चौघांनी अण्णांना उचललं. तालुक्याचा सरकारी दवाखाना चौदा किलोमीटर.

गाडीत अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंड पांढरं फटक. मी म्हणत होते, "बोलू नका, अण्णा, गप्प पडून राहा."

"कागद हाय?" ते म्हणाले.

"कशाला?"

"दहा ऱ्हायल्यात. घे लिवून. पुडल्या आठवड्यात दोन हैत."

तेव्हा मला कळलं. शेवाळ्यांची एक तारीख झाली, आणखी दहा बाकी होत्या. दहाही मी खऱ्या करून ठेवल्या होत्या. चौदा गावांत टांगून.

यादीचाच एक तुकडा होता माझ्याकडं. त्याच्या पाठीमागं मी लिहायला लागले. गाडी खड्ड्यातून उडत होती, पेन कागद फाडत होतं.

"मळ्याचा दाजी कुरणे. त्याचा पोरगा मिल्ट्रीत. जानेवारीत सुट्टीवर येतो. त्यो यायच्या आत शेजाऱ्याची तोड आटपायची. बंदूक काढतो."

लिहिलं.

"पाटलाच्या दोघी जावा. थोरलीला पोर न्हाई. धाकटीचं पयलं तोडलं की सगळा गाव जनावरांस्नी वाडं न्यायला तिच्या दारात. थोरलीनं एकदा हीर जवळ केलीया. तिचं आदी."

लिहिलं. तिसरं, चौथं. कुणाच्या बहिणीला कुणी टाकलेलं, कुणाचा पाट कुणी फोडलेला. आता प्रत्येक वेळी ते आधी गाव सांगत, मग कुणाचं आधी आणि कुणाचं मागं, मग कारण. एकतीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं त्यांनी नीट, ओळीनं सांगितलं. पाचवं. सहावं सांगताना आवाज घोगरा झाला. सातव्याला मी कान तोंडाशी नेला.

"आठवं, अण्णा?"

"भादवणवाडी," ते म्हणाले.

"भादवणवाडी. कुणाचं आधी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. मग ओरडून विचारलं, त्यांचा खांदा हलवून, आणि ट्रॅक्सचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, सोडा त्यास्नी आता. गेलं ते."

सात मिळाली. तीन राहिली.

त्याच दिवशी, रक्तानं कडक झालेल्या कपड्यांत, मी ऑफिसात जाऊन दहाच्या दहा तारखा पुन्हा होत्या तशा खोट्या केल्या. चौदाही फलकांवरच्या याद्या स्वतः फाडल्या. जगतापसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "यातलं काही लेखी देऊ नका. कॉम्प्युटरमुळे खून झाला असं पेपरात यायला नको." अण्णांची चौकशीची फाइल 'संबंधित मयत' म्हणून बंद झाली. घरच्यांच्या लेखीही ते लाच खाणारेच राहिले, जोवर मी त्यांच्या दारात जाऊन बसले नाही तोवर. त्यांच्या पत्नीनं सगळं ऐकून घेतलं आणि त्या मला 'जेवूनच जा' म्हणाल्या. 

तो हंगाम पार पडला. पण दरवर्षी लागण नवी. तारखा नव्या. सात घरांचं मला कळलं होतं; त्यांच्या नोंदी मी अण्णांसारख्याच मागंपुढं केल्या, अण्णांसारखीच खोटी कारणं सांगितली, शिव्या खाल्ल्या. राहिलेल्या तिघांसाठी मी गावोगाव हिंडले. दोन ठिकाणी पत्ता लागला. एक पोलीस पाटलानं सांगितलं, एक सोसायटीच्या सचिवानं.

भादवणवाडीला मी तीनदा गेले. तिथं एका घरातले दोन सख्खे भाऊ, वाटण्या झालेले, शेजारी शेजारी शेत. मी सरपंचांना विचारलं. तलाठ्याला विचारलं. पारावर बसलेल्यांना विचारलं. शेवटी त्या दोघा भावांनाच विचारलं, त्यांच्या शेतावर जाऊन. थोरला हसला. "आमच्यात कसलं भांडान, मॅडम? एका ताटात जेवतो आमी." धाकट्यानंही मान डोलावली. दोघांनी मिळून मला रस पाजला.

जुन्या नोंदींवरूनही कळेना; धाकट्याची तारीख एका वर्षी मागं ढकललेली, दुसऱ्या वर्षी पुढं ओढलेली. मग मी खरी तारीख घातली. काय करणार होते? उगाच खोटं लिहायला कारण तरी हवं की नको? धाकट्याची पाळी पहिली आली.

त्या दुसऱ्या हंगामात, जानेवारीच्या सोळा तारखेला, भर दुपारी, धाकट्याची तोड चालू असताना थोरल्यानं त्याच्या फडाला चारी बाजूंनी आग लावली. धाकटा आत होता. उसाचा फड पेटला की त्यातून माणूस बाहेर येत नाही. थोरल्याला पुढं जन्मठेप झाली.

आगीनंतर काही दिवस उलटल्यावर मी त्या घरी गेले. कशाला गेले ते मलाही सांगता येणार नाही. क्षमा मागायला म्हणावं, तर तेवढं धैर्य नव्हतं. घरात एक म्हातारी होती, दोघांची आई. सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी कारखान्यातली म्हटल्यावर तिनं पाट पुढं सरकवला.

"चौगुलेअण्णांच्या जागेवर आलासा व्हय?"

"हो."

"लई भला मानूस." ती शेंगा फोडत राहिली. "दरसाल यायचं, दिवाळीच्या आदी. इथंच बसायचं, तुमी बसलाय तितं. म्हनायचं, आक्का, औंदा कुनाचं आदी काढू? मी सांगायची. थोरल्याच्या डोस्क्यात कवा काय शिरंल ते मला ठावं, आई हाय की मी. तेवढं इचारून जायचं."

 "मी तीनदा आले होते, आजी. सगळ्या गावाला विचारलं मी."

"बगितलं की मी. पारावर गेलासा, चावडीवर गेलासा, मळ्यात गेलासा." तिनं फोडलेले दाणे सुपात टाकले आणि टरफलं ओंजळीनं बाजूला सारली. "माज्या दारावरनं तीन येळा गेलासा, बाई. मी घरातच हुते."